रताळ्याचे गोत्र

महाशिवरात्रीला रायगडच्या किनाऱ्यावर चौलच्या रामेश्वरापासून दक्षिणेला हरिहरेश्वरापर्यंत देवळांत रांगा लागतात आणि घराघरांत रताळी शिजतात. कुणी गुळाच्या पाकात काप करते, कुणी तुपावर कीस परतते, कुणी निखाऱ्यात घालून नुसती भाजते. दिवसभर शंकराचे नाव घेणाऱ्याच्या पोटात जे जाईल ते शुद्ध असले पाहिजे, याबद्दल घरात दुमत नसते. भात चालत नाही, पोळी चालत नाही, डाळ चालत नाही. रताळे चालते. का चालते असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: पहिल्यापासून चालते.

हे ‘पहिल्यापासून’ तपासून पाहण्यासारखे आहे. रताळे मूळचे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांची ये-जा वाढली, तेव्हा ते इकडे पोचले असे साधारणपणे मानले जाते. ज्या ऋषींच्या नावाने व्रतांचे नियम सांगितले जातात, त्यांच्या दृष्टीला हे कंद पडण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही आज एखाद्याने देवघरासमोर उभे राहून रताळे परदेशी असल्याचे सांगितले, तर घरातली वडीलधारी माणसे हसतील आणि ताट पुढे करतील.

त्या हसण्यात एक तत्त्वज्ञान दडलेले आहे. पावित्र्य कशात असते? वस्तूच्या जन्मात, तिच्या गुणात, की तिच्याशी माणसाने जोडलेल्या नात्यात? या प्रश्नावर पोथ्यांत भरपूर वाद आहे. पण किनाऱ्यावरच्या एका वनस्पतिकुळाने तो प्रश्न पोथीबाहेर, वाळूत आणि कुंपणावर आणून ठेवला आहे.

रताळ्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव आयपोमिया बटाटास. या आयपोमिया प्रजातीत जगभर सहाशेहून अधिक जाती आहेत आणि बागकामाच्या भाषेत त्यांतल्या बहुतेकांना ‘मॉर्निंग ग्लोरी’ म्हणतात. पीळ घालून मिटलेली कळी, पहाटे उलगडणारे नरसाळ्याच्या आकाराचे फूल आणि ऊन चढले की मिटून कायमची कोमेजणारी पाकळी, ही त्यांची ठळक खूण. रताळ्याला फूल येते तेव्हा तेही असेच असते, फिकट जांभळे आणि कंठाशी गडद. मात्र आपल्याकडे ते फुलण्याची वाट कुणी पाहत नाही, त्याआधीच जमीन खणली जाते.

याच कुळातली मर्यादवेल दिवेआगर, नागाव किंवा काशीदच्या पुळणीवर भरतीच्या रेषेच्या जरा वर सापडते. आपट्यासारखी दुभंगलेली जाड पाने, गुलाबी-जांभळी फुले आणि वाळूवर लांबच लांब धावणारी, पेरापेराला मुळे सोडत जाणारी दोरी. तिच्यापलीकडे समुद्र येत नाही असा लोकसमज आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा समुद्राने कुठलीच रेषा पाळली नाही. पण एरवी वाळू धरून ठेवण्याचे काम ही वेल इमानाने करते.

पावसाळ्यात कुंपणांवर गणेशवेल चढते. बडीशेपेच्या पाल्यासारखी नाजूक पाने, लालभडक पंचकोनी चांदणीसारखे छोटे फूल. गणपतीच्या दिवसांत ती बहरलेली असते म्हणून तिला देवाचे नाव मिळाले असावे. माळावर जमिनीला चिकटून वाढणारी, इवल्याशा निळ्या फुलांची विष्णुक्रांता तर थेट पूजेतच आहे. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींच्या यादीत तिचे नाव आहे आणि जाणकार तिची ओळख याच कुळातल्या एव्होल्व्ह्युलस या वनस्पतीशी पटवतात. रानात समुद्रशोकाची भली थोरली वेल झाडावर चढते. तिच्या पानांची पाठ रुपेरी असते. निशोत्तराचे मूळ वैद्य रेचक म्हणून वापरतात. गोव्यात बसून गार्सिया द ओर्ताने 1563 साली औषधींवरचे संवाद छापले, त्यात निशोत्तरावर एक स्वतंत्र संवाद आहे. पाणथळीत नाळीची भाजी पसरते. पिवळ्या दोऱ्यांचे जाळे टाकून दुसऱ्याच्या अंगावर जगणारी, पाने नसलेली अमरवेलही याच घराण्यातली. आणि ओहोळाच्या काठी, रस्त्याकडेच्या डबक्यात उभी असते बेशरम: फुले मर्यादवेलीच्या जवळपास तितकीच देखणी, पण देवाला कुणी वाहत नाही आणि शेळीने खाल्ली तर शेळी आजारी पडते.

एका कुळातली ही सारी भावंडे. एक उपवासाच्या ताटात, एक गणपतीच्या पत्रीत, एक वैद्याच्या बटव्यात, एक गावाच्या शिव्या खात. कोण कुठून आले हे पाहिले तर गोंधळ आणखी वाढतो.

विष्णुक्रांता इथली जुनी रहिवासी, म्हणून पूजेत. हे सरळ वाटते. पण गणेशवेल अमेरिकेची आहे. केरळातल्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात ही वेल मल्याळी नावासह आहे. म्हणजे अमेरिकेतून येऊन शंभर-दीडशे वर्षांत तिने स्थानिक नाव मिळवले होते. बंगालमध्ये ती कुंजलता झाली, उर्दूत इश्कपेचा झाली, मराठीत गणपतीच्या नावावर जमा झाली. बेशरमही अमेरिकेचीच आणि रताळेही. एकाच खंडातून आलेल्या तिघांपैकी एकीला देवाचे नाव, दुसऱ्याला व्रतातले स्थान आणि तिसरीला निर्लज्ज ही पदवी. मर्यादवेल तर कोणत्याच देशाची म्हणता येत नाही. तिचे बी खाऱ्या पाण्यावर तरंगते, महिनोन्‌महिने तगते आणि उगवते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवले की दूरदूरच्या महासागरांच्या किनाऱ्यांवरची ही वेल समुद्रावरून वाहणाऱ्या बियांमुळे एकमेकींशी जोडलेली राहिली आहे. ब्राझीलची, आफ्रिकेची आणि आक्षीची मर्यादवेल यांच्यात सोयरीक चालू असते.

रेवदंड्याला हा सगळा इतिहास दगडात उभा आहे. 1521 च्या सुमारास पोर्तुगीजांना इथे गढी बांधायची परवानगी मिळाली आणि 1740 मध्ये मराठ्यांनी त्यांना घालवेपर्यंत ते दोन शतकांहून अधिक काळ इथे होते. समोरच्या कोर्लईत ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमिश्रित क्रिओल बोली बोलली जाते. बोली गेली नाही तशी झाडेही गेली नाहीत. फरक इतकाच, की कोर्लईची बोली ऐकली की ती बाहेरून आल्याचे लगेच कळते. उपवासाचे ताट पाहून मात्र तसे काही जाणवत नाही.

ते ताट नीट पाहावे. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदाचा, कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे तिथलेच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची अमेरिकेची. धान्य म्हणून खाल्ला जाणारा राजगिरा मेक्सिको आणि अँडीजकडचा. अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या गोळ्यातून देवमूर्ती घडवत आणि विधीनंतर ती वाटून खात. वरी आणि शिंगाडा सोडला तर एकादशीच्या ताटात दुसऱ्या गोलार्धाची गर्दी आहे. साबुदाण्याच्या खिचडीचा घास घेताना माणूस ज्या परंपरेत बसतो, ती परंपरा त्या पदार्थांच्या रूपाने पाहिली तर चार-पाचशे वर्षांपलीकडे जात नाही.

उलट कांद्याचे पाहा. मध्य आशियाकडून आलेला कांदा भारतात फार प्राचीन आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. त्याच्या विणलेल्या माळा उन्हाळ्यात अलिबागच्या रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. पण आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांद्याची भजी, थालीपिठे पोटभर खायची आणि मग चातुर्मास संपेपर्यंत त्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवायचे, असा अनेक घरांचा रिवाज. दोनच दिवसांनी एकादशीला रताळे चुलीवर चढते. हजारो वर्षांचा शेजारी बाहेर आणि चार शतकांचा पाहुणा आत. जन्मभूमी किंवा जुनेपणा हा शुद्धतेचा निकष असता, तर हे घडलेच नसते. सावता माळ्यांनी तर अरणच्या मळ्यात याच निषिद्ध कांद्याला विठ्ठलरूप मानले, म्हणजे निषेधही सर्वांनी एका अर्थाने घेतला नाही.

मग निकष कोणता? धर्मशास्त्रकारांची उत्तरे वाटतात त्यापेक्षा व्यवहारी आहेत. महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुराच्या उपदेशात, व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, मूळ, फळ आणि दूध त्यांत येतात. हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध ही उरलेली चार. इथे झाडांची नावे नाहीत, प्रकार आहेत. कोकणात त्या प्रकाराची जागा आधीपासून भरलेली होती: करांदे, कणगर, कोनफळ, सुरण. रताळे आले ते या ओळीत बसले. ते जमिनीखाली वाढते, पोट भरते, गोड लागते आणि धान्य नाही. ओळखीच्या साच्यात अनोळखी कंद चपखल बसला आणि कुणाला नवा निर्णय द्यावाच लागला नाही.

ऋषिपंचमीचा नियम आणखी वेगळा आहे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही. नांगर न लावता परसात, बांधावर, कुदळीने खणून जे पिकले ते चालते. म्हणून ऋषीच्या भाजीत अळू, माठ, भेंडी, सुरणाबरोबर अमेरिकेचा मकाही आनंदाने पडतो. इथे पदार्थाची शुद्धता ठरते ती कुणाच्या पाठीवर जू ठेवले यावरून. एका जुन्या व्रताने विचारलेला हा प्रश्न पदार्थाच्या वंशाचा नाही, त्याच्यामागच्या कष्टाचा आहे.

या व्यवहारामागे शास्त्रीय विचाराची भक्कम रीतही आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद ‘प्रतिनिधी’ या विषयाला वाहिलेला आहे. यज्ञाला सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर काय करायचे? यज्ञ सोडायचा नाही, त्याच्याशी साम्य असलेले दुसरे द्रव्य घ्यायचे. साळीचा तांदूळ नसेल तर रानातले नीवार. सोमवल्ली नसेल तर पूतिका. बदल चालत नाही तो देवतेत, अग्नीत, मंत्रात आणि कर्मात. निषिद्ध ठरलेली वस्तू, उदाहरणार्थ उडीद किंवा कोद्रव (कोकणातले हरीक), केवळ साम्य आहे म्हणून घेता येत नाही. रताळ्याला कुणी या काटेकोर अर्थाने प्रतिनिधी ठरवले नाही. पण विचार त्याच जातीचा आहे: द्रव्य साधन आहे, ते बदलू शकते, विधीचा प्राण दुसरीकडे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. द्रव्यात स्वतःची काही शक्ती नसतेच, असे कसे म्हणायचे? बेल शंकराला आणि दूर्वा गणपतीला, यामागे त्या पानांचा स्वभाव नाही का? या आक्षेपाची सर्वांत चांगली बाजू याच कुळात, मेक्सिकोत सापडते. तिथे ‘ओलोलिउकी’ नावाच्या पांढऱ्या फुलांच्या मॉर्निंग ग्लोरीचे बी अ‍ॅझ्टेक पुरोहित वाटून पीत. त्यांना दर्शने होत, हरवलेल्या वस्तू आणि रोगांची कारणे कळत. बियांतच देव आहे अशी त्यांची श्रद्धा होती. बी टोपलीत ठेवून त्याची पूजा होई. एर्नान्दो रुईस दे आलार्कोन या धर्मोपदेशकाने 1629 साली या आचारांविरुद्ध ग्रंथ लिहिला, त्यात या पूजेविषयी बरेच आहे. त्याला त्या बियांत सैतान दिसला. 1941 मध्ये रिचर्ड इव्हान्स शुल्टिस यांनी वनस्पतीची ओळख पक्की केली. 1960 मध्ये आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने त्या बियांतून लायसर्जिक आम्लाची अमाइडे वेगळी केली. एलएसडी ज्याने बनवले तोच हा माणूस. त्याच गटातली द्रव्ये कोकणातल्या समुद्रशोकाच्या बियांतही आहेत, आणि ती विषारी आहेत.

म्हणजे शक्ती द्रव्यातच होती, असे मानून वाद मिटवता आला असता. पण 2011 साली पेरिग्लॅंड्युला या नव्या बुरशीचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती या वेलींच्या पानांवर राहते, बियांतून पुढच्या पिढीत जाते आणि ही द्रव्ये तीच बनवते. तिच्या पहिल्या दोन जातींपैकी एक ओलोलिउकीवरच सापडली. पुरोहिताने ज्याला देव म्हटले, पाद्र्याने सैतान म्हटले आणि रसायनशास्त्रज्ञाने वेलीचा गुण म्हटले, ते वेलीचे नव्हतेच. द्रव्याचा ‘स्वभाव’ म्हणून जे दाखवले जाते तेही बहुधा कुणाशी तरी असलेले नातेच निघते.

रताळ्याच्या बाबतीत तर हे पेशीपर्यंत पोचले आहे. 2015 मध्ये गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने दाखवले की लागवडीच्या रताळ्याच्या जनुकांत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचे डीएनए कायमचे मिसळलेले आहे. तपासलेल्या 291 लागवडीच्या नमुन्यांत ते सगळ्यांत होते. प्रयोगशाळा नव्हत्या तेव्हा, शेतकऱ्याने रताळे हाती धरण्याच्या आसपासच्या काळात, निसर्गानेच हा संकर घडवला. सोवळ्यात शिजवलेल्या किसातही परक्याची भेसळ आहेच, आणि त्यामुळे उपवासाचे काही बिघडत नाही.

जन्माचा निकष सोडला तरी निकषच सोडता येत नाही, याची आठवण बेशरम करून देते. कुंपणाला उपयोगी म्हणून माणसांनीच तिला जागोजागी लावले. तोडली तरी पडलेल्या फांदीतून ती उगवते, पाणथळ व्यापते, गुरांना बाधते. निसर्ग अभ्यासक तिला ‘परदेशी आक्रमक’ म्हणतात. इथे सावध राहायला हवे. देशी झाड चांगले आणि विदेशी वाईट, अशी सरधोपट वाटणी हे सोवळ्या-ओवळ्याचेच नवे रूप होऊ शकते. किनाऱ्यावर सावली देणारी सुरूची बने मूळ ऑस्ट्रेलियाकडच्या झाडाची आहेत. नारळाच्या वाडीत मिरी चढते तशी कुंपणावर गणेशवेल चढते आणि कुणाचे नुकसान करत नाही. बेशरमवर ठपका ठेवायचा तो ती करते त्या नुकसानीबद्दल. कर्मावरून न्याय करायचा तर तो गणेशवेलीला आणि बेशरमला वेगवेगळा मिळेल, जरी दोघींचे मूळ एकच असले.

जपानची गोष्ट या मुद्द्याला आणखी एक वळण देते. आपल्याकडे जिचे बी काळादाणा म्हणून औषधांच्या दुकानात मिळते, ती निळी मॉर्निंग ग्लोरी मूळची अमेरिकेतली मानली जाते. जपानमध्ये ती चीनमार्गे नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, बियांच्या रेचक गुणासाठी आली, असे सांगतात. हे खरे तर ती कोलंबसाच्या कितीतरी आधी आशियात कशी पोचली, हा पेच उरतोच. एकोणिसाव्या शतकात एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, हौशी लोकांनी तिचे शेकडो चमत्कारिक प्रकार जोपासले: चिरलेल्या पाकळ्या, मुरडलेली पाने, दुहेरी फुले. या विविधतेचे मूळ जनुकांत उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांत आहे, हे विसाव्या शतकात कळले. आजही 6 ते 8 जुलैला तोक्योच्या इरिया भागात या फुलांची जत्रा भरते आणि ती भरते किशिमोजिनच्या देवळाभोवती. किशिमोजिन म्हणजे आपली हारीती. मुले खाणारी यक्षी बुद्धाच्या उपदेशाने मुलांची रक्षक झाली, तीच. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती पती पांचिकासह बसलेली आहे. भारतातून गेलेली देवी आणि दूरदेशातून आलेले फूल तोक्योच्या एका गल्लीत भेटतात आणि दोघेही पक्के जपानी असतात. हारीतीला तर जन्माचेच नव्हे, पूर्वकर्माचेही माफ झाले.

इथवर सारे उदार आणि आल्हाददायक वाटते. परंपरेने कंद सामावला, फूल सामावले, यक्षीला देवी केले. पण हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळणाऱ्या सावित्री नदीने वर जावे, म्हणजे महाड येते, आणि हिशेब एकदम बदलतो.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला आणि मग तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले: पंचगव्याच्या 108 घागरी ओतून. त्या वेळी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. 1981 पासून तो रायगड झाला.

ज्या गावात गुरे त्या तळ्यावर पाणी पीत होती, ज्या घरांत पोर्तुगीजांच्या गलबतावरून आलेला कंद देवापुढे ठेवला जात होता, तिथे शेजारच्या वस्तीतल्या माणसाच्या ओंजळीने पाणी बाटत होते. रताळ्याला लावलेला निकष माणसाला लावला असता, तर महाडला सत्याग्रहच लागला नसता. तो काय करतो, कसा जगतो, ओळखीच्या कोणत्या प्रकारात बसतो, एवढे पाहिले असते. पण वनस्पतीच्या बाबतीत सोडून दिलेला जन्माचा निकष माणसाच्या बाबतीत घट्ट धरून ठेवला गेला. हे अज्ञानातून घडले असे म्हणता येत नाही. जन्म आणि शुद्धता यांना वेगळे करण्याची बौद्धिक हत्यारे परंपरेपाशी होती आणि ती रोजच्या स्वयंपाकात वापरली जात होती.

सनातनी उत्तर असे असे की द्रव्य वेगळे, अधिकारी वेगळा. द्रव्य बदलता येते. विधी कुणी करायचा हे मात्र जन्माने ठरते. हे उत्तर जैमिनीच्या त्याच सहाव्या अध्यायात आहे. तिसऱ्या पादात नीवार आणि पूतिकेला दार उघडणारा हा अध्याय पहिल्या पादात शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारतो. मात्र तिथे एक गोष्ट लिहून ठेवलेली आहे. बादरी नावाच्या आचार्याचे मत सूत्रातच नोंदलेले आहे: अधिकार सर्वांनाच आहे. सूत्रकार ते खोडतो, पण गाळत नाही. पुढे तोच पाद रथकाराला अग्निस्थापनेची आणि निषादांच्या प्रमुखाला एका विशिष्ट इष्टीची मोकळीक देतो. म्हणजे जन्माची भिंत उभारतानाच तिला खिंडारे ठेवावी लागली. शतकानुशतके टीकाकारांनी या सूत्रांवर भाष्ये लिहिली. बादरीचे मत प्रत्येक पिढीच्या डोळ्यांपुढे होते.

तळ्याच्या हक्कावरून उभा राहिलेला महाडचा खटला जवळपास दहा वर्षे चालला. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयापुढे तळे बाटते का हा प्रश्न नव्हता. अस्पृश्यांना पाणी नाकारण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध होते का, एवढेच पाहायचे होते. ते सिद्ध झाले नाही. ‘पहिल्यापासून’ हा शब्द पुराव्याच्या कसोटीवर उतरला नाही आणि तळे सर्वांचे झाले.

घरातल्या पूजेत आजही संकल्प सोडताना गुरुजी यजमानाला गोत्र विचारतात. अनेकांना ते ठाऊक नसते. अनेकांच्या घराण्यात ते कधी सांगितलेच गेलेले नसते. अशा वेळी पूजा अडत नाही. गुरुजी ‘काश्यप’ म्हणायला सांगतात, कारण कश्यप हा सगळ्या प्रजांचा पिता मानला जातो. प्रतिनिधीचा जुना न्याय इथे चुपचाप माणसालाही लागू झालेला आहे. आणि विष्णुपुराणाच्या पहिल्या अंशात कश्यपाच्या भार्यांची संतती दिली आहे, तिथे इरा नावाच्या भार्येपासून वृक्ष, वेली, झुडपे आणि सर्व प्रकारचे तृण झाल्याचे सांगितले आहे. त्या हिशेबाने रताळ्याचे गोत्रही काश्यपच; आणि बेशरमचेही.